घरी मुलांसोबत गोष्टी वाचणं आणि त्यावर बोलणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये सतरंजी टाकून आठ-दहा पोरं जमतात, मी एक गोष्ट वाचते आणि मग तासभर गप्पा होतात, एवढाच आमचा उपक्रम. मी शिक्षिका नाही, बँकेत नोकरी करते, घरी सहावीतली लेक आणि दुसरीतला धाकटा आहे. पण लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, व्हॉट्सअॅपवर पालक तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी तीच तीच उत्तरं टाइप करते, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. पटेल ते घ्या, बाकी सोडून द्या.

गोष्टीचं विश्लेषण वगैरे घरी कशाला? शाळेत होतंच ना?

शाळेत जे होतं त्याला मी विश्लेषण म्हणणार नाही. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. यात पोराने धडा वाचला का एवढंच कळतं. लेक तिसरीत असताना टेस्टमध्ये भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट होती आणि प्रश्न होता, म्हातारी हुशार होती, कारण लिहा. हिने लिहिलं, "ती हुशार नव्हती, ती खूप घाबरली होती म्हणून तिला सुचलं." लाल पेनाने फुली. घरी आली ती तोंड पाडूनच. मला तर वाटलं अख्ख्या वर्गात गोष्ट खरी वाचली असेल तर हिनेच. बाईंना चाळीस पेपर तपासायचे असतात हे मान्य, उत्तरपत्रिकेत एकच उत्तर बरोबर असतं हेही मान्य, पण मग दुसरी उत्तरं बोलायला मुलाला कुठेतरी जागा हवी ना. ती घरीच असू शकते.

आणि "विश्लेषण" शब्दाला घाबरू नका. आपण शेजारच्यांबद्दल जेवताना जे बोलतो तेच. "त्या असं का बोलल्या असतील?" "मला नाही वाटत, त्यांना आधीच माहीत होतं." "अगं पण मग त्या दिवशी दार का लावून घेतलं?" हे सगळं विश्लेषणच आहे, पुरावा वगैरे सगळं असतं त्यात! फक्त माणसं शेजारची न घेता गोष्टीतली घ्यायची, आणि गोष्टीतल्या माणसांना राग येत नाही हा जास्तीचा फायदा.

कितव्या वर्षापासून सुरू करायचं?

बाळ मांडीवर बसायला लागलं की. तेव्हा ते पुस्तक खाईल, तर खाऊ दे. बोलता यायला लागलं की चित्रात बोट दाखवून "हा का रडतोय?" एवढं विचारलं तरी झालं काम. आणि मूल दहा वर्षांचं झालंय, उशीर झाला, असंही नसतं. दहा वर्षांच्या पोरांशी तर जास्त मजा येते, ती वाद घालतात.

पण मग विचारायचं काय? मी गोष्ट संपली की "यातून काय शिकलास?" असं विचारते, मुलगा "खोटं बोलू नये" म्हणतो आणि पळतो.

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून जरा लांब लिहिते.

आपल्याकडे गोष्ट म्हटलं की खाली तात्पर्य. लहानपणापासून आपल्या डोक्यात बसलंय की गोष्ट हे एक पाकीट आहे आणि आत तात्पर्याची गोळी आहे, पाकीट फाडा, गोळी घ्या, पाकीट फेका. मुलं चलाख असतात, त्यांना कळतं की आईला गोळी हवीय, ती पटकन देतात. खोटं बोलू नये, आळस करू नये, मोठ्यांचं ऐकावं, या तीन-चार गोळ्यांमध्ये जगातल्या निम्म्या गोष्टी बसतात, गोष्ट न ऐकताच सांगता येतात. म्हणून तात्पर्य विचारणं मी बंदच केलं.

त्याऐवजी काय, तर आमच्या घरी काय झालं ते सांगते. गोष्ट अगदी साधी, चिऊ-काऊची, सगळ्यांना पाठ असलेली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं, काऊ चिऊच्या दारात. चिऊताई चिऊताई दार उघड. थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. मी सहज म्हटलं, काय रे, खरंच एवढी कामं होती का चिऊला? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "नाही. तिला दार उघडायचंच नव्हतं. आपण नाही का बेल वाजली की आतूनच सांगतो, बाबा घरी नाहीयेत."

मी उडालेच. कारण गोष्टीत चिऊ घाबरलीय किंवा टाळतेय असं एकही वाक्य नाही. पात्र तोंडाने एक बोलतं आणि मनात दुसरं असतं, हे त्याला सापडलं, आणि तेही आमच्या दारावरच्या कुरिअरवाल्यामुळे. लेक तेव्हा नऊची, ती लगेच मध्ये पडली की काऊने शेणाचं घर बांधलं यात त्याची काय चूक, त्याला मेण मिळालंच नसेल, मेण महाग असतं. मग दोघांचं भांडण. आणि त्या भांडणात धाकटा म्हणाला, "पण मेण उन्हात वितळतं ना? मग उन्हाळ्यात काय?"

यावर आम्ही तिघेही गप्प! खरंच की. हीच गोष्ट वैशाखात सांगितली असती तर मेणाचं घर वितळून चिऊ बाळाला घेऊन काऊच्या दारात उभी राहिली असती. म्हणजे पाऊस आपोआप आलेला नाहीये, गोष्ट सांगणाऱ्याने पाऊस *निवडलाय*. त्याने ऋतू निवडला, तिथेच कोण हरणार हे ठरलं. मला स्वतःला हे चाळिशीत कळलं, आणि ते एका पाच वर्षांच्या पोरामुळे. शेवटही घराघरांत वेगळा असतो, माझ्या आजीच्या गोष्टीत काऊ चुलीपाशी बसतो आणि त्याचं बूड भाजतं, सासूबाईंच्या गोष्टीत तो पिल्लं खातो, हल्लीच्या छापील पुस्तकांत दोघं मिळून खीर वगैरे खातात. तीन शेवट एकाच संध्याकाळी सांगा आणि विचारा कुठला खरा वाटतो. तात्पर्य कुणाला आठवतही नाही.

तर विचारायचं काय? माझे ठरलेले दोन-तीनच प्रश्न आहेत. "हे कुणाला माहीत नाहीये?" हा एक. "तो असं का वागला असेल?" हा दुसरा. आणि मूल काहीही म्हणालं की, "गोष्टीत कुठे दिसलं तुला ते?" पण हे तिसरं वाक्य पोलिसासारखं म्हणायचं नाही, खरंच उत्सुक असल्यासारखं म्हणायचं. मुलं पानं उलटून शोधायला लागतात, तिथे खरं वाचन सुरू होतं.

"कुणाला माहीत नाहीये" म्हणजे काय?

भोपळ्याचीच गोष्ट घ्या. म्हातारी परत येतेय भोपळ्यात बसून, वाघ विचारतो म्हातारी पाहिलीस का, आणि आतून आवाज, म्हातारी कोतारी मी नाही जाणे, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. इथे सगळी पोरं खिदळतात. का? कारण आत कोण आहे ते आपल्याला माहीत आहे आणि वाघाला नाही. ही ट्रिक सासू-सुनेच्या सिरियलपासून मोठमोठ्या नाटकांपर्यंत सगळीकडे चालते, पडद्यामागे लपलेला माणूस म्हणजे दुसरं काय असतं, भोपळाच. मुलाला एकदा ही ट्रिक दाखवली की ते सगळीकडे ओळखायला लागतं. लेक आता टीव्ही बघताना ओरडते, "आई, भोपळा!" म्हणजे आता पात्राला न माहीत असलेलं काहीतरी आपल्याला कळलंय.

याच गोष्टीतला अजून एक छान प्रश्न, जाताना वाघाने म्हातारीला का सोडलं? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. वाघ भुकेला होता तर लगेच का नाही खाल्लं? रविवारी यावर अर्धा तास गेला. एकाने सांगितलं हाव, एकाने सांगितलं वाघाला आत्ता भूक नव्हतीच, नुसता रुबाब करत होता, आणि एक चिमुरडी म्हणाली त्याला कुणीतरी परत येईन असं सांगितलं हेच आवडलं असेल, जंगलात सगळे त्याला बघून पळतात. यातलं बरोबर कुठलं? मला काय माहीत.

पात्र, कथानक, निवेदक असले शब्द शिकवावेत का?

आधी वस्तू, मग नाव. भोपळा ओळखता आला की त्याला काय म्हणतात ते सातवी-आठवीत कुणीतरी सांगेलच. उलटं केलं की मूल व्याख्या पाठ करतं आणि गोष्टीत ती गोष्ट दिसत नाही.

एक शब्द मात्र मी लवकर देते, निवेदक, म्हणजे गोष्ट कोण सांगतंय. कारण त्यात मुलंच काय, मोठेही गोंधळतात. 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, गुरुजींचं नाव पांडुरंग, पण पुस्तकात आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो तो श्याम. लिहिणारा एक, सांगणारा एक, आणि ज्याच्या लहानपणी ते घडलं तो छोटा श्याम अजून तिसराच. मोठ्या श्यामला आई का रागावली ते कळतं, छोट्याला तेव्हा कळलेलं नसतं, आणि वाचताना डोळ्यांत पाणी येतं ते या दोघांमधल्या अंतरामुळेच. लेकीला हे समजावलं तेव्हा तिने विचारलं, मग आईने सांगितली असती तर? बसा आता विचार करत.

घरी करण्यासारखं म्हणजे हेच, तीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून सांगायची. ससा-कासवाची शर्यत सशाच्या तोंडून. आमच्या धाकट्याचा ससा सांगतो की आदल्या रात्री शेजाऱ्यांकडे हळदीचा डीजे होता, झोपच झाली नव्हती.

मुलगी स्वतः वाचते आता. मग वाचून दाखवणं बंद करू ना?

नका करू, प्लीज. मुलाला ऐकून जेवढं समजतं तेवढं स्वतः वाचून समजायला बरीच वर्षं लागतात. दुसरीतलं मूल स्वतः वाचतं ती पुस्तकं चार-चार ओळींची, पण ऐकताना ते मोठी कादंबरी पचवतं. वाचून दाखवणं बंद केलं की त्याच्या वाट्याला फक्त चार ओळींची पुस्तकं उरतात आणि मग ते म्हणतं पुस्तकं बोअर असतात. बरोबरच आहे त्याचं.

मी लेकीला अजून वाचून दाखवते, ती सहावीत आहे, आता एक पान मी एक पान ती असं चालतं. मैत्रिणींना सांगू नकोस म्हणते.

रोज तेच पुस्तक! तेच! पाठ झालंय आता. काय करू?

वाचा. मी कळवळून सांगते, मलाही वैताग येतो, आमच्याकडे एका अस्वलाच्या पुस्तकाने आठ महिने खाल्ले. पण पहिल्यांदा ऐकताना मूल पुढे काय होणार यातच अडकलेलं असतं. ते माहीत झालं की मग त्याचं लक्ष बाकी ठिकाणी जातं, कोपऱ्यातल्या मांजराकडे, एका शब्दाकडे, शेवटाची चाहूल आधीच कुठे दिली होती तिकडे. आपणही आवडता सिनेमा दहाव्यांदा बघतो तेव्हा तेच करतो. वैताग फारच आला तर मुद्दाम एक शब्द चुकीचा वाचा, मूल तुम्हाला असं काही धरेल की बस.

मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, मराठी पुस्तक उघडलं की कंटाळतो.

माझीही दोन्ही इंग्रजी माध्यमातलीच, त्यामुळे इथे मी साधूपणाचा आव आणत नाही.

कंटाळा गोष्टीचा नसतो बहुतेक वेळा. एक तर जोडाक्षरं आणि रफार, डोळे अडखळतात. दुसरं, जे कुणी बोलत नाही ते म्हणजे, घरी मूल ऐकतं "त्याने पाहिलं आणि तो पळाला, सगळं सांडलं", पुस्तकात असतं "पाहिले, सांडले, वाटले". आपल्याला फरक जाणवतही नाही, पण मुलाला ती परकी भाषा वाटते. म्हणून सुरुवातीला मी वाचतानाच बोली करून वाचते, पाहिलेचं पाहिलं. कुणी रागावत नाही. बोलीभाषेतच छापलेली, संवाद जास्त असलेली पुस्तकंही आता मिळतात, ती आधी घ्या. आणि घरची जी बोली आहे ना, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, तिच्यात एखाद्या पात्राला बोलू द्या. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीतला कोल्हा मालवणीच बोलतो, कारण माझे सासरे तसे वाचायचे, आता पोरांना दुसरा कोल्हा चालतच नाही.

गप्पा कुठल्याही भाषेत होऊ द्या. मराठी गोष्टीवर पोरगं "बट व्हाय डिड ही लाय" म्हणालं तर लगेच "मराठीत बोल" म्हणू नका, त्याच्या डोक्यातला विचार तिथेच विझतो. तुम्ही मराठीत उत्तर द्या, बास. माझी चुलत बहीण न्यूजर्सीला असते, तिकडे शनिवार-रविवारच्या मराठी शाळा आहेत, मुलगा जातोही, पण त्याचं मराठी खरं सुधारलं ते काकूने रोज व्हिडिओ कॉलवर एक-एक पान वाचून दाखवल्यामुळे. काकू ऐन रंगात आली की कॉल कट करते, उद्या, म्हणते.

आमच्या आईंना वाचता येत नाही फारसं, पण त्या गोष्टी खूप सांगतात. ते चालेल?

चालेल काय, धावेल. उलट मी म्हणेन आधी तेच. श्रावणातल्या कहाण्या येत असतील त्यांना तर सोनंच आहे. आटपाट नगर होतं म्हटलं की मुलाच्या मनात लगेच एक दार उघडतं, आता राजा येणार, दोन राण्या येणार, एक आवडती एक नावडती. साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण म्हटलं की दार बंद. गोष्टीला साचा असतो, आणि साचा माहीत असला की तो मोडलेला कळतो, हे मुलं इथे आपोआप शिकतात. मग त्यांना विचारा, नावडती नावडती का होती? कहाणीत बहुतेक वेळा कारणच दिलेलं नसतं! लेक यावर फार भडकली होती. आजी म्हणाली, "अगं राजाला विचार, मला काय विचारतेस." मला ते उत्तर जाम आवडलं.

आजीने सांगितलेल्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा मात्र. आमच्या आजीच्या आम्ही केल्या नाहीत.

मुलाने काढलेला अर्थ चुकीचा असेल तर सुधारायचा का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत यात. काय घडलं हे चुकलं, म्हणजे वाघाने म्हातारीला खाल्लं असं म्हणाला, तर पान उघडून परत वाचा, तिथे गुळमुळीत राहायचं कारण नाही. पण का घडलं, बरं की वाईट, याबद्दल तो तुमच्यापेक्षा वेगळं बोलला तर ती चूक नाही. फक्त गोष्टीतला आधार मागा. आधार दाखवला की त्याचं मत उभं राहिलं, तुम्हाला आवडो न आवडो. आधार नसेल तर बहुतेक वेळा मुलं स्वतःच म्हणतात, हं, असं मला वाटतंय फक्त. "गोष्टीत आहे" आणि "मला वाटतंय" यातला फरक कळला तर अर्ध्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डपासून पोरगं वाचलं.

आणि अधूनमधून तुम्हीही चुकीचं मत मांडा, मुद्दाम. मी एकदा जोरात म्हटलं, मला तर मगर आवडते, माकडाने तिला फसवलं. अर्धा तास मला झोडपलं दोघांनी, मगरीने माकडाचं काळीज मागितलेलं हे मला ओळी दाखवून सिद्ध करून दिलं.

"कशी होती गोष्ट?" "मस्त." संपलं. पुढे काय?

पुढे काही नाही. प्रत्येक गोष्टीनंतर बोलायलाच हवं असं नाही, कधीकधी गोष्ट आत मुरत असते. आमटी उकळी फुटायच्या आधीच दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघितली तर काय होतं? चार दिवसांनी अंघोळ करताना अचानक प्रश्न येतो. आणि "कशी होती" या प्रश्नाला आपणही मोठ्या माणसांना "मस्त" एवढंच सांगतो. "कुठे कंटाळा आला?" विचारून बघा. मुलांना तक्रार करायला आवडतं, आणि कुठे कंटाळा आला हे सांगणं ही खरी समीक्षा आहे.

राक्षस, मृत्यू, रडवणाऱ्या गोष्टी टाळाव्यात का?

माझं मत, नाही. मूल आईच्या कुशीत, दिवा चालू, पुस्तक कधीही मिटता येतं, भीतीची ओळख करून घ्यायला यापेक्षा सुरक्षित जागा कुठली. धाकट्याचा नियम आहे, भीती वाटली की पुस्तकावर उशी ठेवायची, आणि तो उशी ठेवतो, आणि दोन मिनिटांनी स्वतःच उचलतो. पण घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर ती गोष्ट आत्ता नको, हे तारतम्य तुम्हालाच. मूल रडलं तर लगेच "अरे गोष्टच आहे ती" असं म्हणू नका एवढंच. त्याला माहीत असतं गोष्ट आहे ते.

जुन्या गोष्टींत सावत्र आई दुष्ट, राजकन्या गोरी म्हणून सुंदर, काळा म्हणून वाईट असं असतं. वाचू की नको?

काही पुस्तकं मी सरळ बाजूला ठेवली, विनोद म्हणून कुणाच्या जातीची, रंगाची, जाडपणाची टर उडवणारी. चार वर्षांच्या मुलाला त्यावर विचार करता येत नाही, ते नुसतं शोषून घेतं. पण आठ-नऊच्या पुढे वाचते आणि थांबते. "सावत्र आईला कुणी विचारलं का तिची बाजू?" आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एका मुलीची आई खरंच सावत्र आहे, मला आधी माहीत नव्हतं, मी आपली दुष्ट सावत्र आई आवाज काढून वाचत होते. ती पोरगी शांतपणे म्हणाली, "माझी तर पोळ्या गोल करते." मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून रविवारची गोष्ट आदल्या रात्री एकदा स्वतः पूर्ण वाचते.

कॉमिक्स चालतील का?

हो. चित्रातून चेहऱ्यावरचे भाव वाचणं, दोन चौकटींच्या मधे काय घडलं असेल ते मनात भरणं, हे सोपं काम नाहीये.

सिनेमा आधी की पुस्तक आधी?

पुस्तक आधी असेल तर मुलाच्या डोक्यात स्वतःचा चेहरा तयार होतो, म्हणून मी पुस्तक आधी म्हणते, पण सिनेमा बघून पुस्तकाकडे आलं तरी मला चालतं, हट्ट नाही. नंतर विचारा सिनेमात काय गाळलं आणि का गाळलं असेल. मनातले विचार पडद्यावर कसे दाखवायचे हा भारी प्रश्न आहे, त्यावर लेकीने एकदा मोबाइलवर शूटिंगच केलं, धाकटा चिऊ आणि दार म्हणजे फ्रिजचं दार. फ्रिज पंधरा मिनिटं उघडा.

फक्त डायनासोर आणि अवकाशाची माहितीची पुस्तकं वाचतो. गोष्ट नको म्हणतो.

वाचतोय ना, वाचू दे. डायनासोरवाली गोष्ट हळूच त्याच्या शेजारी ठेवा. त्यात काय चुकलंय ते शोध म्हणून सांगा, अशी मुलं चुका शोधण्यासाठी अख्खी कादंबरी वाचतात.

पुस्तकं महाग झालीत. कुठून आणायची?

आधी फुकटचं सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, मी लहानपणी वाचलेला एक अंक पोरांना दाखवला तेव्हा त्यांना जाहिरातींचंच जास्त आश्चर्य वाटलं. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' 2015 पासून आहे, तिथे मराठीत ढीगभर चित्रगोष्टी आहेत, पायरीनुसार लावलेल्या, आणि तीच गोष्ट इतर भाषांतही उघडता येते, इंग्रजी माध्यमवाल्यांना हे फार कामाचं. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही वडापावच्या हिशोबात मोजता येतील अशा किमतीची असतात.

मग वाचनालय. आपल्याकडे जुनी ग्रंथालयं आहेत, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय तर 1893 सालचं, गावोगावीही असतात, आपणच जात नाही. मुलाला कपाटासमोर मोकळं सोडा, त्याने कव्हर बघून भलतंच पुस्तक उचललं तरी घेऊ द्या. दिवाळीत मुलांचे अंक येतात, ते रद्दीवाल्याकडे पुढच्या उन्हाळ्यात दहा-वीस रुपयांत मिळतात. आणि महाबळेश्वरला जाणार असाल तर पाचगणीजवळ भिलारला थांबा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घरात पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही जाऊन बसून वाचावं. आम्ही दोन तास म्हणून थांबलो आणि वेण्णा लेक राहूनच गेला. पोरांनी नाही, नवऱ्यानेच उठायचं नाव घेतलं नाही.

वाचलेल्या पुस्तकांची वही करायला लावू का? परीक्षण लिहून घेऊ?

लेकीला मी वही आणून दिली होती, छान कव्हरची. तिसऱ्या पुस्तकानंतर तिने वाचणंच बंद केलं, का तर वाचलं की लिहावं लागतं. वही रद्दीत. आता लिहायचंच असेल तर शेवट बदलून लिहितात, किंवा पात्राला पत्र. धाकट्याने वाघाला पत्र लिहिलं, "प्रिय वाघ, भोपळ्यात बघ."

याने मराठीचे मार्क वाढतील का?

लेकीचे वाढले नाहीत. शब्द वाढले, वाद वाढले, उलट उत्तरं तर खूपच वाढली.

दोघेही नोकरी करतो, रात्री नऊला घरी पोहोचतो. वेळच नाही.

दहा मिनिटं. खरंच दहा. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीनदा. बाबा वाचत असतील तर फारच उत्तम, मुलग्यांना बाबांच्या हातात पुस्तक दिसणं वेगळंच काम करतं. आणि बोलायला वेगळा वेळ लागतच नाही, स्कूटरवर, पोळ्या लाटताना, रिक्षाच्या लाइनीत होतं ते.

वाचता वाचता मलाच झोप लागते. काय करू?

मलाही लागते. मागच्या महिन्यात क्लोजिंगचा आठवडा होता, मी वाघाची गोष्ट वाचत होते आणि म्हणे मी झोपेतच वाचत सुटले की वाघ गुहेतून बाहेर आला आणि म्हणाला, व्हाउचरवर सही राहिलीय. धाकट्याने मला गदागदा हलवलं. "आई, वाघ बँकेत कशाला जाईल?" मी म्हटलं, गोष्टीत कुठे दिसलं तुला? तो म्हणाला गोष्टीत नाहीये, तू म्हणालीस, आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेऊन त्याने पुढचं पान स्वतः वाचायला घेतलं, अडखळत, बोट ठेवून. किती वाचलं माहीत नाही, मी झोपले होते.